पाचची बोट

काप्री, शनिवार, ३ ऑक्टोबर १९८७

देल्फिना,

आज सकाळी सव्वानऊला धक्क्यावर दोन जर्मन बायकांच्या बॅगा गाडीवर चढवत होतो. पोस्टमनने तुझं कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात खुपसलं आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. पुढे तोरिनोच्या नदीवरचा पूल, मागे चार ओळी. त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांनी मला आहे तिथे खाली बसवलं. ‘तू ठरव.’

गुरुवारी २९ला येणार, शनिवारी ३१ला जाणार, फक्त बेट बघायला, बाकी कशाची अपेक्षा ठेवू नकोस, हेही वाचलं. पण ते एकदाच वाचलं. ‘तू ठरव’ दिवसभर वाचतोय. जर्मन बायका ओरडत होत्या. ओरडू देत.

तर ऐक, मी ठरवलंय.

पहिला दिवस. नेपल्सहून अकराची बोट. तू तो राखाडी रेनकोट घालून उतरशील, ज्याचं दुसरं बटण तुटलंय. अजून लावलं नसशीलच. तुझी बॅग दुसऱ्या कोणाच्या गाडीवर जाणार नाही, मी हात लावू देणार नाही. आपण फ्युनिक्युलरने, त्या दोराने ओढलेल्या रेल्वेने, वर चौकात जाऊ, तिथे मुळीच थांबायचं नाही, तिथे लोक एकमेकांचे चष्मे बघायला बसतात. सरळ आनिएल्लोकाकाच्या टपरीवर. तू लिंबाचा बर्फ खाशील आणि संपल्यावर चमचा ग्लासात पालथा ठेवशील, नेहमी ठेवतेस तसा.

दुसरा दिवस. निळी गुहा. समुद्र खवळलेला असेल तर गुहा बंद ठेवतात, पण मी खवळू देणार नाही. कातेल्लोमामाची होडी सांगून ठेवतो. तोंडाशी आल्यावर होडीत पाठ टेकून आडवं व्हायचं, मामा साखळी ओढून लाटेबरोबर आत घेईल. हात बाहेर काढू नको म्हणेल, आणि तू काढशीलच. आत गेल्यावर तोच हात पाण्यात घालशील आणि तो चांदीचा होईल.

तिसरा दिवस. सकाळी वर, सम्राट तिबेरिउसच्या पडक्या महालापर्यंत. मग घरी जेवण. मावशी चीज भरलेले रावियोली करेल. आणि दुपारी तू खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसशील.

हो, त्याच खुर्चीत. आमच्याकडे जुन्या घरांतून एक खुर्ची रिकामी ठेवतात ना, घराच्या बाईसाठी, डोळ्यांना न दिसता घर राखते तिच्यासाठी. त्या बाईचं नाव घेत नाहीत. दार उघडून आत येताना तिला ‘शुभ दुपार, बाई’ म्हणायचं, घरात कोणी नसलं तरी. मागच्या वर्षी तू हसली होतीस आणि नुन्झियातामावशीने तुला दिवसभर कॉफी दिली नव्हती. आई गेल्यापासून मावशीनेच मला वाढवलं, पण हे तिचं खूळ मला कधी पटलं नाही. मी लहान असल्यापासून ती खुर्ची रिकामी बघतोय. कंटाळा आला.

लिहिताना मोठ्याने बोलायची माझी खोड तुला माहीतच आहे. मावशी आत्ता स्वयंपाकघरातून ओरडली, ‘कोणाशी बोलतोयस रे?’

‘देल्फिनाशी.’

‘आहे कुठे ती इथे?’

‘येईल.’

‘मग आल्यावर बोल. जे अजून झालं नाही ते घरात बोलू नये. घर ऐकतं.’

मी उठलो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘ही आजपासून देल्फिनाची!’ मावशीच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. भिंतीवरची पाल सुद्धा कोपऱ्यात पळाली. तुला हसू आलं असतं.

तर तू तिथे बसशील. पाचच्या बोटीचा भोंगा होईल आणि तू उठणार नाहीस. हेही मी ठरवलंय. रागावू नकोस, तूच म्हणालीस. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तुझी पाचची बोट चुकली त्यावर पुन्हा बोलायला नको. चुकते माणसाची बोट.

तुझाच,
कोस्तान्झो


काप्री, शुक्रवार, ९ ऑक्टोबर

देल्फिना,

आलीस आणि सांगितलंही नाहीस! स्वतःला समजतेस कोण तू? माझ्या बेटावर येतेस, मी लिहिलेल्या टपरीवर जातेस, आणि मी दोन वळणं खाली धक्क्यावर गाडी पुसत बसलोय!

आज सकाळी आनिएल्लोकाकाकडे बर्फाच्या लाद्या पोचवायला गेलो. मला बघून म्हातारा दात काढून हसला.

‘काय इंजिनीयरसाहेब, पाहुणी आली की तीन आठवडे आधीच!’ कॉलेज सोडल्यापासून तो मला याच नावाने हाक मारतो. मीही आता चिडायचं सोडलंय.

‘कोण पाहुणी?’

‘आता माझ्यापुढे कसला लाजतोस? तुझी ती उत्तरेकडची. काल दुपारी इथे बसून बर्फ खाऊन गेली. तो बघ ग्लास, अजून धुतला नाही.’

ग्लासात चमचा पालथा होता.

‘एकटी होती?’

‘एकटी. दोनचा सुमार. मी फळी लावून आडवा झालेलो. रस्त्यावर मांजर नाही. डोळा उघडला तर समोर उभी. म्हटलं, बाई, या वेळी कोण उन्हात हिंडतं? तर नुसतं बोट दाखवलं, लिंबाकडे.’

‘माझ्याबद्दल काही म्हणाली?’

‘तुझ्याबद्दल? कोणाबद्दलच नाही. उत्तरेकडे बोलण्यावर कर आहे का रे?’

‘काका, नीट आठव. काय घातलं होतं?’

‘रेनकोट. एवढं ऊन आणि रेनकोट! दुसरं बटण नव्हतं. मी म्हटलं, मुली, बटण कुठे गेलं? तर तिथे हात ठेवून उभी राहिली.’

दुपारी एक ते चार आमच्याकडे खिडक्या लावून घेतात. मावशी तिला उलटी वेळ म्हणते, आणि तू तिला आळशी लोकांची सबब म्हणायचीस. तीच वेळ निवडलीस, कारण तेव्हा मी घरात पडलेला असतो. हुशार आहेस.

पण एक विसरलीस. या बेटावर बोटीतून उतरलेली प्रत्येक बॅग आम्हा अकरा हमालांपैकी कोणाच्या तरी गाडीवरून वर जाते. माणूस लपेल, बॅग लपत नाही. दहाही जणांना विचारलं. एकाने हसून ‘पळाली का रे?’ म्हटलं, त्याची कॉलर धरली. सगळ्या हॉटेलांच्या मागच्या दारांनी जाऊन आलो. तुझी हिरवी बॅग कोणी उचललेली नाही. म्हणजे बॅग दुसऱ्याच्या नावाने आली असणार. कॉलेजातल्या त्या पिएरोच्या. नाक सरळ झालं का त्याचं? मी पुन्हा वाकडं करू शकतो. त्या एका नाकापायी मी कॉलेज सोडलंय, दुसऱ्यापायी सोडायला आता काही उरलेलं नाही.

तुमच्या घरी फोन केला. तुझ्या वडिलांनी माझा आवाज ऐकला आणि ठेवला. मग हे पत्र.

उत्तर दे. कुठे उतरली आहेस?

को.


काप्री, बुधवार, १४ ऑक्टोबर

देल्फिना,

तुझी तार काल संध्याकाळी मिळाली. तारेत इतके शब्द घालणारी तू एकटीच. ‘तोरिनो सोडलेलं नाही. गुरुवारपासून ताप. दुपारी जाग राहत नाही. तोंडाला सारखी लिंबाची चव. रेनकोट मार्चमध्येच देऊन टाकला. मूर्खपणा थांबव.’

थांबवला. माफ कर. पिएरोबद्दल लिहिलं तेही खोडून टाक.

पण आता मला दुसरंच काही तरी लिहायचंय आणि ते कसं लिहावं कळत नाही.

तार येण्याच्या आधी, काल दुपारीच, कातेल्लोमामा धक्क्यावर भेटला. हा माझ्या आईचा मामेभाऊ. चाळीस वर्षं निळ्या गुहेत होडी नेतोय. बोलायला बसला की थांबत नाही. लोकांना आत गाणी म्हणून दाखवतो. काल तो दोराच्या वेटोळ्यावर बसून आपल्याच तळहाताकडे बघत होता.

म्हणाला, ‘कोस्तान्झो, तुझी ती मुलगी बरी आहे ना?’

‘का?’

‘सोमवारी नेली मी तिला आत. दीडच्या पुढे. बाकीच्या होड्या जेवायला गेलेल्या. ती कठड्याशी उभी होती, एकटी. तू सांगून ठेवलं होतंस, म्हणून म्हटलं, चल, ये.’

‘मामा, मी २९ तारखेनंतरचं सांगितलं होतं.’

‘अरे, आली समोर तर काय परत पाठवू? आडवी हो म्हटलं, झाली. हात आत ठेव म्हटलं, तर बाहेर काढला. म्हटलं, हट्टी आहे, हीच ती.’

मग तो पुन्हा तळहाताकडे बघू लागला. मामा गप्प झालेला मी आईच्या मयताला पाहिला होता, त्यानंतर कालच.

‘पुढे?’

‘आत गेल्यावर तिने हात पाण्यात घातला. तुला ठाऊक आहे ना आत काय होतं? पाण्यात काहीही घाल, चांदीचं दिसतं. वल्हं, दोरी, माझ्या होडीतला फुटका पोहरा सुद्धा. चाळीस वर्षांत एकही गोष्ट अशी पाहिली नाही मी, जी त्या पाण्यात चमकली नाही.’

‘आणि?’

‘तिचा हात चमकला नाही. मनगटापर्यंत पाण्यात, आणि काळा. भिंतीवर सावली पडते तसा. मी म्हटलं, मुली, हात काढ. काढला. तो कोरडा होता, कोस्तान्झो.’

मी हसलो. मी म्हटलं, मामा, वाइन कमी कर. त्याने मला शिवी दिली नाही. नुसता उठून गेला. तासाभराने तार आली, आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं.

आठवड्यात दोन गोष्टी झाल्या आहेत. दोन्ही मी पहिल्या पत्रात तुला लिहिल्या होत्या. त्याच क्रमाने. चमचा पालथा. हात पाण्यात. आणि गुरुवारी तुला ताप चढला, त्याच दिवशी इथे कोणी तरी लिंबाचा बर्फ खाल्ला.

सोमवारी दुपारी तू काय करत होतीस? झोपली होतीस का? उठलीस तेव्हा हात गार होता का? लिही. नीट औषध घे. आणि तिसऱ्या दिवसाचं मी जे लिहिलं होतं, ते पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक.

को.


काप्री, सोमवार, १९ ऑक्टोबर

देल्फिना,

घरी सगळं ठीक आहे. मागच्या पत्रात काहीबाही लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस. मामा म्हातारा झालाय.

मावशी शनिवारी दुपारी तिच्या धाकट्या बहिणीकडे वरच्या गावात, अनाकाप्रीला गेली. अचानकच. चपला हातात घेऊन गेली, दारात घालायला सुद्धा थांबली नाही. काही दिवस तिकडेच राहीन म्हणते. खिडकीवरची पालही दिसत नाही. मावशी या पालीला झाडूसुद्धा लागू द्यायची नाही, घराची राखण करते म्हणायची. थंडीने गेली असेल.

मी स्वतः रांधतो. हल्ली दोन ताटं मांडतो, सवय म्हणून. कामावरून लवकर घरी येतो. भांडण नाही, दारू नाही. तुला आवडेल असा झालोय मी.

तारखा बदलू नकोस. २९लाच ये. किंवा घाई नको, ताप उतरेपर्यंत थांब. मी कुठे जात नाही.

आणि ते पहिलं पत्र फाडलं नसशील तर राहू दे.

तुझाच,
कोस्तान्झो


काप्री, बुधवार, २८ ऑक्टोबर, दुपारी सव्वातीन

देल्फिना,

हे पत्र मी ओठ घट्ट मिटून लिहितोय. आयुष्यात पहिल्यांदा. जीभ दातांमध्ये धरली आहे. का ते कळेल.

मागचं पत्र खोटं होतं. घर ठीक नाही. तू इथे आहेस.

शनिवारी १७ला दोन वाजता घरी आलो. दार उघडलं, सवयीने म्हटलं, ‘शुभ दुपार, बाई.’ खुर्चीत तू होतीस. राखाडी रेनकोट, दुसरं बटण नाही, केस एका बाजूला. खिडकीतून समुद्राकडे बघत. मावशी स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला पाठ लावून उभी होती, हात पिठाने भरलेले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘तूच दिलीस. आता तूच बघ.’ आणि गेली.

मी घाबरलो असं तुला वाटेल. मला आनंद झाला. लिहायची लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलंय. मी पायाशी बसलो आणि अर्धा तास रडलो, की आलीस.

नऊ दिवस मी असा राहिलो. ती दुपारी एकला असते, अंधार पडला की नसते. जेवायला वाढलं तर चमचा उचलते, खाल्लेलं कमी होत नाही. मी सगळं बोललो तिच्याशी. नेपल्सच्या जिन्यावर पहिल्यांदा भेटलो तिथपासून. ती ऐकते की नाही माहीत नाही. मी म्हणायचो, बोल ना ग काही तरी. शिवी दे. ती काहीच बोलत नाही.

परवा मला कळलं का. मी तो तीन दिवसांचा बेत मनातल्या मनात पुन्हा वाचला. तू काय घालशील, काय खाशील, हात कुठे घालशील, कुठे बसशील, सगळं मी लिहिलं होतं. तू काय म्हणशील याची एक ओळही त्यात नव्हती.

त्याच सकाळी तुझं पत्र आलं होतं. ताप येतो जातो, पण दुपारच्या दुपारी निघून जातात, कुठे गेले ते आठवत नाही, उठल्यावर पाय आखडलेले असतात, जणू तासन्‌तास एकाच जागी बसले होते. आणि तरी येणार. ‘मला तुझ्याशी त्या दाराबद्दल बोलायचंय, कोस्तान्झो. समोर बसून. मगच मला पुढे जाता येईल.’

मी दुपारी थेट अनाकाप्रीला गेलो. मावशी अंगणात शेंगा सोलत होती. मला बस सुद्धा म्हणाली नाही.

‘आलास? नऊ दिवस लागले तुला आठ वळणं चढायला.’

‘मावशी, ती कोण आहे?’

‘मला काय विचारतोस! खुर्ची घराची होती. तू ती माणसाला दिलीस, आणि माणूस आलेलं नव्हतं. मग घराने आपल्यापाशी होतं त्यातून माणूस केलं. तुझ्या बडबडीतून. दुसरं काय होतं त्याच्याकडे?’

‘पण देल्फिनाला तिकडे त्रास होतोय.’

‘होणारच. ऊब कुठून तरी आणावी लागते. बडबडीला ऊब नसते, गाढवा.’

‘गुरुवारी ती येतेय. खरी.’

मावशीने शेंग खाली ठेवली. ‘त्या दारातून आत येणार?’

‘हो.’

‘मग नीट ऐक. माझ्या आजीच्या काळात अनाकाप्रीतल्या एका घरात असंच झालं होतं. नवरा अमेरिकेला, आणि बाईने रोज संध्याकाळी त्याला खुर्ची दिली. सहा वर्षांनी खरा आला. आत दोघे होते, बाहेर एकच आला. ती बाई मरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली, की हा कुठला.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे दोघींतली एकच बोटीत बसेल. दुसरी तुझ्याकडे राहील. आणि कुठली गेली, कुठली राहिली, ते तुला ओळखता येणार नाही. तुझ्यासारख्याला तर मुळीच नाही. तू तिला कधी ऐकलंयस का बोलताना?’

आता माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लिहितो. माझ्या मनात आलं की कुठलीही असो, एक तर राहील. उतरताना तीन वळणं मी तोच विचार करत होतो. गप्प राहायचं. तू येशील, मी दार उघडीन, बाजूला होईन.

घरी पोचलो तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. ती खुर्चीत होती. खाली पाचच्या बोटीचा भोंगा झाला. आणि नऊ दिवस रोज जे होत होतं, ज्याच्याकडे मी बघायचं टाळत होतो, ते मी पाहिलं. भोंगा झाल्याबरोबर ती उठते. अर्धी उठते, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकून, मान दाराकडे. आणि मग बसते. कोणी खांदे धरून बसवावं तशी. कारण मी लिहिलंय की उठणार नाही.

देल्फिना, हे मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

गेल्या वर्षी २३ ऑगस्टला तुझी बोट चुकली नव्हती. मी दाराला आतून कुलूप लावलं होतं आणि किल्ली खिशात घातली होती. तू मनगट सोडवून घेतलंस तेव्हा रेनकोटचं बटण माझ्या हातात राहिलं. तू दोन वेळा म्हणालीस, ‘उघड.’ मग ओरडली नाहीस. कॉटच्या कडेला बसलीस. भोंगा झाला तेव्हा अर्धी उठलीस, दाराकडे बघितलंस, आणि बसलीस. मी म्हटलं, बघ, गेली बोट, आता कशाला रागावतेस. वर्षभर मी स्वतःला आणि तुला तेच सांगत आलो. बटण माझ्याकडे आहे. वर्षभर पैशांच्या पाकिटात जपलंय.

काल सकाळी पुन्हा मावशीकडे गेलो. विचारलं, हे मोडायचं कसं?

‘ज्याने बोलावलं त्याने घर सोडायचं. जातो म्हणून घरात बोलायचं नाही, पुटपुटायचं सुद्धा नाही. घराला कळलं तर ते तुला धरून ठेवेल, मग खरी आली की आत तिघं व्हाल. दार ओढायचं, कुलूप घालायचं नाही. कुलूप घातलंस तर ती आत वाट बघत बसेल आणि तिकडची तिकडे वाळत जाईल. नुसतं ओढलंस तर जाईल. उघड्या दारावर कोणी बसून राहत नाही.’

‘आणि मी परत कधी यायचं?’

‘यायचं नाही. त्या घरात नाही. घर एकदाच सोडता येतं.’ मग तिने एप्रनला हात पुसले आणि माझी कॉलर नीट केली. ‘तुझ्या आईचं घर आहे. मला माहीत आहे. पण तू दिलीस ना खुर्ची.’

तुमच्या घरी दोनदा फोन केला. पहिल्यांदा तुझ्या वडिलांनी ठेवला, दुसऱ्यांदा कोणी उचलला नाही. तार त्यांच्या हातून तुझ्यापर्यंत पोचणार नाही. तू आज रात्रीच्या गाडीत बसशील आणि उद्या सकाळी नेपल्सच्या धक्क्यावर अकराच्या बोटीच्या रांगेत उभी राहशील. म्हणून हे पत्र मी टपालात टाकणार नाही. मी आजच्या पाचच्या बोटीने नेपल्सला येतोय. त्या बोटीने इथून कोणी तरी जायला हवं होतं, ते वर्षभर राहून गेलंय.

सकाळी मी रांगेशी येईन. हा कागद तुझ्या हातात देईन आणि मागे सरेन. तुझी बॅग उचलणार नाही. तुला वाचायचं तर वाच, फाडायचं तर फाड. दाराबद्दल जे बोलायचंय ते तिथे बोलायचं असेल तर बोल, मी मध्ये एक शब्द काढणार नाही. मला आता गप्प बसायची सवय होतेय. नाही तर पाठ फिरवून स्टेशनवर जा. फक्त त्या बोटीत चढू नकोस. ही एवढी एकच विनंती, बेत नाही. बाकी मी काही ठरवलेलं नाही.

साडेचार झाले. ती मागे खुर्चीत आहे. लेखणीचा आवाज ऐकून मघापासून दोनदा मान वळवली. मी ओठ मिटलेलेच ठेवलेत. तिच्या मांडीवर मी आत्ता ते बटण ठेवून आलो. तिने ते उचललं आणि मुठीत धरलं. हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. पहिल्यांदाच तिने स्वतःचं काही तरी केलं.

बॅग घेतलेली नाही, घराला कळेल. अंगावरचा शर्ट पुरे. किल्ली टेबलावर आहे, मिठाच्या बरणीशेजारी, तिला दिसेल अशी.

हा कागद घडी करून त्याच खिशात घालतो, ज्यात तुझं कार्ड आलं होतं. मागे बघायचं नाही. दारापर्यंत नऊ पावलं आहेत. शुभ दुपार, बाई, हे सुद्धा मनातच म्हणतो. बाहेर पडतो, आणि दार ओढून घेतो. नुसतं ओढून.